परदेशातली कंपनी घ्यायची, तर बँकांच्या समूहाकडून कर्ज कसं उभारावं

टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर विकत घेण्याचा करार २६ मार्च २००८ रोजी जाहीर केला. किंमत २.३ अब्ज डॉलर. त्यासाठी बँकांच्या समूहाकडून ३ अब्ज डॉलरचं कर्ज घेतलं, म्हणजे किमतीवर खर्च आणि अडीअडचणीलाही पैसा हाताशी राहिला. समूहात सिटी, जेपी मॉर्गन, बीएनपी पारिबा, मिझुहो, स्टँडर्ड चार्टर्ड होत्या, तशी आपली स्टेट बँकही होती. कर्जाची मुदत मात्र अवघी पंधरा महिने. त्या काळात हक्कभाग, म्हणजे आधीच्या भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर, तीन विक्रींतून विकून ७,२०० कोटी रुपये उभारायचे, काही गुंतवणुकी मोकळ्या करायच्या आणि कर्ज फेडायचं असा बेत होता.

२ जूनला कंपनी ताब्यात आली. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स बुडाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस टाटा मोटर्सची हक्कभाग विक्री उघडली. बाजारातला भाव देऊ केलेल्या भावाच्या खाली घसरल्यावर महाग शेअर कोण घेणार? भागधारकांनी पाठ फिरवली, बराचसा भाग प्रवर्तकांना आणि विक्रीची हमी घेणाऱ्यांना उचलावा लागला. तिसरी विक्री तर झालीच नाही. ७,२०० कोटींच्या जागी सुमारे ४,१५० कोटी हाती आले. उरलेल्या कर्जासाठी २००९ च्या मे महिन्यात स्टेट बँकेच्या हमीवर ४,२०० कोटींचे रोखे काढले, काही रकमेची मुदत वाढवून घेतली आणि ऑक्टोबरमध्ये परदेशी बाजारातून ७५ कोटी डॉलर आणले, तेव्हा कुठे हे पंधरा महिन्यांचं प्रकरण मिटलं.

ही खरेदी पुढे यशस्वी ठरली हे सगळ्यांना माहीत आहे. पण कर्ज उभारणाऱ्याने पाहायचं ते मधलं वर्ष. चांगल्या नावाला कर्ज मिळतं. त्यातून बाहेर कसं पडायचं हे सहीच्या आधी ठरलेलं नसलं तर चांगलं नावही घायकुतीला येतं. म्हणून हा लेख परतफेडीपासून सुरू होतो आणि बँकेच्या दारात नंतर जातो. पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरच्या ज्या कंपन्या जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये पाच-दहा कोटी युरोंची खरेदी करू पाहतात, त्यांच्या वित्त विभागातल्या माणसांसाठी तो लिहिला आहे. आकडे टाटांच्या मानाने लहान असले तरी कागद जवळपास तेच असतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडच्या कन्सोर्टियमची सवय असलेल्यांचा इथे गोंधळ होतो. कन्सोर्टियममध्ये प्रत्येक बँक आपापली मंजुरी देते, आपापल्या अटी घालते, वेगळं खातं उघडते आणि लीड बँक थोडाफार मेळ घालते. समूह कर्जात करार एकच, अटी एकच, व्याजदर एकच. बँका आपापल्या हिश्शाची रक्कम देतात आणि सगळा व्यवहार त्यांच्या वतीने काम पाहणाऱ्या एजंट बँकेमार्फत चालतो. एका बँकेच्या शाखेत जाऊन ‘साहेब, एवढं सांभाळून घ्या’ म्हणायची सोय तिथे नाही. एका बँकेने पैसे दिले नाहीत तर तिचा वाटा भरायला दुसरी बँकही बांधलेली नसते.

पहिली पायरी: परतफेडीचं गणित

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चाकणची एक कंपनी जर्मनीतली सुटे भाग बनवणारी कंपनी १० कोटी युरोंना घेत आहे. त्या कंपनीचा व्याज, कर आणि घसारा यांच्या आधीचा नफा, म्हणजे एबिटडा, वर्षाला १६० लाख युरो. बँकर पहिल्याच भेटीत म्हणतो, ‘अडीच पट कर्ज सहज बसेल.’ म्हणजे ४ कोटी युरो. ऐकायला बरं वाटतं.

आता वही उघडा. १६० लाखांतून यंत्रांवरचा नेहमीचा खर्च ४५ लाख, कर २५ लाख, खेळत्या भांडवलाची वाढ १० लाख. उरले ८० लाख. ४ कोटींवर सहा टक्क्यांनी व्याज २४ लाख. सात वर्षांत समान हप्त्यांनी मुद्दल फेडायचं तर वर्षाला ५७ लाख. बेरीज ८१ लाख. म्हणजे सगळं सुरळीत चाललेल्या वर्षातही एक लाख कमी पडतो! अडीच पट हा आकडा बोलण्यापुरता सोपा आहे, फेडण्यापुरता नाही.

कर्ज ३ कोटींवर आणा. व्याज १८ लाख, मुद्दल साधारण ४३ लाख, एकूण ६१ लाख. हातात ८० लाख. जमलं असं वाटतं. आता मोटारींची मागणी घटली आणि एबिटडा वीस टक्क्यांनी उतरला असं धरा. १२८ लाखांतून यंत्रं, खेळतं भांडवल आणि कमी झालेला कर वजा जाता ५८ लाख उरतात. पुन्हा तूट. उपाय हप्त्यांच्या आकारात आहे: पहिल्या वर्षी २० लाख, मग ३०, ४०, ४५, ५०, ५५ आणि शेवटी ६० लाख. पहिलं वर्ष सगळ्यात नाजूक असतं, कारण तेव्हा विकणाऱ्याची माणसं गेलेली असतात आणि ग्राहक नव्या मालकाला जोखत असतात. त्या वर्षी व्याज धरून ३८ लाखच द्यायचे असतील तर ५८ लाखांतही कंपनी श्वास घेते.

उरलेले ७ कोटी युरो कुठून येणार याचं उत्तरही याच बैठकीत हवं. समजा साडेचार कोटी कंपनीच्या गाठीला आहेत आणि अडीच कोटींसाठी अल्पमुदतीचं कर्ज घ्यायचं आहे. मग ते ‘शेअर विकून फेडू’ एवढ्यावर सोडू नका. शेअर विकले गेले नाहीत तर काय, याचं लेखी उत्तर तयार ठेवा. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे अल्पमुदतीच्या कर्जातच, ठरल्या तारखेला ते फिटलं नाही तर तीन वर्षांच्या मुदत कर्जात बदलेल, असं कलम घालून घेणं. त्याला जादा फी पडते. ती द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: कर्जदार कोण?

टाटा टीने २००० साली टेटली ही ब्रिटिश चहा कंपनी २७.१ कोटी पौंडांना घेतली, तेव्हा घेणारी कंपनी घेतल्या जाणाऱ्या कंपनीहून बरीच लहान होती. त्यांनी इंग्लंडमध्ये टाटा टी (ग्रेट ब्रिटन) ही खास कंपनी काढली, तिच्यात सुमारे ७ कोटी पौंड भांडवल घातलं आणि बाकीचं कर्ज राबोबँकेने टेटलीच्याच उत्पन्नाच्या भरवशावर उभं केलं. टाटा स्टीलने कोरस ही युरोपातली पोलाद कंपनी घेताना हाच मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरला. ब्राझीलच्या सीएसएनशी चढाओढ होऊन जानेवारी २००७ अखेरच्या लिलावात ६०८ पेन्स प्रति शेअरवर बोली संपली आणि कर्जाचा मोठा भाग टाटा स्टील यूके या कंपनीवर बसला. जॅग्वार लँड रोव्हरच्या वेळी मात्र कर्जामागे टाटा मोटर्सची स्वतःची हमी होती.

फरक साधा आहे आणि महागही. हमी दिली तर व्याज कमी, अटी सैल, काम लवकर होतं. पण तिकडे आग लागली तर धग थेट घरापर्यंत. हमी न देता घेतलेलं कर्ज महाग पडतं, दर तिमाहीला हिशेब द्यावा लागतो आणि वर नफा पाठवण्यावर बंधनं येतात. मधला मार्ग बहुतेकांना परवडतो: मुख्य मुदत कर्ज तिकडच्या कंपनीच्या उत्पन्नावर, आणि मूळ कंपनीची हमी फक्त अल्पमुदतीच्या तुकड्याला. हमी द्यायचीच असेल तर तिच्यात रकमेची कमाल मर्यादा आणि ती गळून पडण्याची अट लिहून घ्या. उदाहरणार्थ, सलग चार तिमाही कर्ज एबिटडाच्या दीड पटीच्या आत राहिलं की हमी संपेल.

जर्मनीत खरेदी असेल तर दोन-तीन स्थानिक गाठी आधीच सोडवाव्या लागतात. तिथल्या जीएमबीएच (आपल्याकडच्या प्रायव्हेट लिमिटेडसारख्या) कंपनीचं मूळ भागभांडवल शाबूत ठेवण्याचा कायदा कडक आहे. त्यामुळे विकत घेतलेली कंपनी आपल्या नव्या मालकाच्या कर्जाला जी हमी देते, तिला मर्यादा घालणारं कलम लागतं आणि बँकांचे वकील त्याच्या शब्दाशब्दावर भांडतात. व्याजाची करवजावट निव्वळ व्याज ३० लाख युरोंच्या आत असेपर्यंत सहसा मिळते, त्यापुढे करपात्र एबिटडाच्या तीस टक्क्यांची मर्यादा लागते. आपल्या उदाहरणातलं १८ लाख व्याज या रेषेच्या खाली आहे. पण अल्पमुदतीचं कर्जही जर्मन कंपनीवरच टाकलं तर त्याचे १५ लाख मिळून ३३ लाख होतात आणि रेषा ओलांडली जाते. खास कंपनी आणि कारखाना यांच्यात नफा-तोटा हस्तांतराचा करार केल्याशिवाय व्याज एकीकडे आणि नफा दुसरीकडे राहतो, हेही सल्लागाराने सांगायची वाट पाहू नका.

तिसरी पायरी: आपल्या घरचे नियम

परदेशी गुंतवणुकीचे सध्याचे नियम २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू आहेत. परदेशातली एकूण आर्थिक बांधिलकी कंपनीच्या नक्त मत्तेच्या ४०० टक्क्यांपर्यंत असेल तर रिझर्व्ह बँकेची आगाऊ परवानगी लागत नाही. मात्र एका आर्थिक वर्षात ती एक अब्ज डॉलरच्या वर गेली तर लागते. बांधिलकी म्हणजे फक्त पाठवलेले पैसे नव्हेत. परदेशी कंपनीच्या कर्जाला दिलेली हमीही यात पूर्ण मोजली जाते. भांडवल, दिलेलं कर्ज आणि हमी यांची बेरीज आधी करा, मग टर्मशीटला, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींच्या कागदाला, हात लावा.

पैसे पाठवण्याआधी तुमच्या अधिकृत डीलर बँकेतून, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारांची परवानगी असलेल्या बँकेतून, एफसी फॉर्म भरून त्या परदेशी कंपनीसाठी युनिक आयडेंटिफिकेशन नंबर घ्यावा लागतो. भाव बाजारभावाला धरून आहे हे मूल्यांकनाने दाखवावं लागतं. तुमच्या उद्योगसमूहातल्या कुणाचं खातं एनपीए, म्हणजे थकीत, असेल, तर आधी ते खातं नेमकं कुणाचं ते पाहा: गुंतवणूक करणाऱ्या कंपनीचंच असेल तर संबंधित बँकेचं ना-हरकत पत्र लागतं, आणि तिने साठ दिवसांत उत्तर दिलं नाही तर हरकत नाही असं धरलं जातं. साठ दिवस हा विकणाऱ्याच्या वेळापत्रकात न बसणारा काळ आहे. त्यामुळे ही चौकशी अगदी पहिल्या आठवड्यात करा.

भारतीय बँका अशा खरेदीला पैसे देतात का? परदेशातल्या उपकंपनीच्या खरेदीसाठी त्या गेली दोन दशकं कर्ज देत आल्या आहेत, बहुतेक लंडन, सिंगापूर, दुबई इथल्या शाखांतून आणि आता गिफ्ट सिटीतूनही. देशातल्या देशात कंपनी विकत घ्यायला मात्र त्यांना जवळपास बंदी होती. ते दार उघडण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये केली. त्या वेळच्या मसुद्यात बँकेने खरेदीमूल्याच्या ७० टक्क्यांपर्यंतच पैसे द्यावेत, निदान ३० टक्के खरेदीदाराचे स्वतःचे असावेत, असं म्हटलं होतं. तुमचा व्यवहार कधीही असो, त्या दिवशी लागू असलेलं परिपत्रक बँकेकडून लेखी मागवून घ्या.

कर्ज खास कंपनीवर न घेता भारतीय कंपनीनेच परदेशी बँकांकडून घेतलं, तर परकीय व्यापारी कर्जाचे नियम आणि व्याजावरची करकपात या दोन्ही गोष्टी मागे लागतात. समूह कर्जाच्या करारात कपातीची रक्कम कर्जदाराने भरून द्यायची असते. म्हणजे तो कर अखेर तुमच्याच खिशातून जातो.

चौथी पायरी: अरेंजर निवडणं

अरेंजर म्हणजे कर्ज जुळवून देणारी बँक. तीन प्रकारे काम होतं. अरेंजरने पूर्ण रकमेची हमी घ्यायची, मग ती इतर बँकांना वाटायची. किंवा ‘प्रयत्न करू, जेवढे मिळतील तेवढे’ या बोलीवर. किंवा चार-पाच ओळखीच्या बँकांनी सुरुवातीपासून बरोबरीने बसायचं, ज्याला बाजारात क्लब डील म्हणतात.

दहा कोटी युरोंच्या खाजगी खरेदीसाठी क्लबच बरा. पूर्ण हमीची फी वाचते आणि बँका पुढेही ओळख ठेवतात. पण घ्यायची कंपनी लंडनच्या बाजारात नोंदलेली असेल तर क्लब जमवायला जागाच नसते. ब्रिटिश टेकओव्हर संहितेनुसार बोली जाहीर होण्याआधी साधारण सहापेक्षा जास्त बाहेरच्या पक्षांशी, संहिता राबवणाऱ्या टेकओव्हर पॅनेलला विचारल्याशिवाय, बोलता येत नाही, आणि या सहांत कर्ज देऊ शकणाऱ्या बँकाही आल्या. शिवाय रोख बोली जाहीर करताना पैसे नक्की हाताशी आहेत असं वित्तीय सल्लागाराला जाहीरपणे सांगावं लागतं. मग दोन-तीन मोठ्या बँकांनी सगळी रक्कम आपल्या अंगावर घ्यायची आणि घोषणेनंतर ती इतरांत वाटायची, हाच मार्ग उरतो.

अरेंजर ठरला की तीन कागद येतात: काम सोपवल्याचं पत्र, वचनपत्र आणि फीचं पत्र. बहुतेक कंपन्या पहिले दोन बारकाईने वाचतात आणि तिसरं वित्त प्रमुखाच्या सहीला पाठवून देतात. सगळा खेळ तिसऱ्यात असतो. कर्ज वाटताना बँका मिळाल्या नाहीत तर अरेंजर व्याजदर किती वाढवू शकतो, हप्ते आखडू शकतो का, एक तुकडा काढून दुसऱ्यात घालू शकतो का, हे ‘मार्केट फ्लेक्स’ कलम तिथे बसलेलं असतं. वाढीला बेसिस पॉइंटमध्ये (एक टक्क्याचा शंभरावा भाग) कमाल मर्यादा घाला. मुदत आणि एकूण रक्कम बदलण्याचा अधिकार देऊ नका. आणि पलटी बाजूही मागा: बँकांनी मागणीपेक्षा जास्त पैसे देऊ केले तर दर खाली आला पाहिजे.

पाचवी पायरी: टर्मशीटमध्ये कुठे भांडायचं

टर्मशीट तीस-चाळीस पानांची असते आणि वेळ थोडा. सगळीकडे भांडू नका. लंडनच्या लोन मार्केट असोसिएशनचा, किंवा आशियात तिच्या धाकट्या बहिणीचा, एपीएलएमएचा, साचा वापरला की बरीचशी कलमं ठरलेलीच असतात.

पहिली लढाई पैशाच्या खात्रीची. विकणाऱ्याशी करार झाला आणि बँकेने ‘आता बाजार बिघडलाय’ म्हणून हात वर केले तर तुम्ही मधल्यामध्ये सापडता. म्हणून सही ते ताबा या काळात बँकेला पैसे नाकारण्याची कारणं बोटावर मोजण्याइतकीच ठेवायची: कर्जदार कंपनीची दिवाळखोरी, तिचा स्वतःचा मोठा करारभंग, कर्ज देणंच बेकायदा होणं. विकत घेतल्या जाणाऱ्या कंपनीत काही बिघडलं, हे त्यात नको. विकणाऱ्याशी केलेल्या करारात तुम्हाला मागे फिरण्याचा जो हक्क नाही, तो बँकेला मिळता कामा नये. दोन्ही करारांच्या अंतिम तारखाही जुळवून घ्या. परवानग्या लांबल्या आणि बँकेचं वचन आधी संपलं, तर नव्याने फी भरून ते विकत घ्यावं लागतं.

दुसरी, आर्थिक कसोट्यांची. कर्ज आणि एबिटडाचं प्रमाण, व्याज भरण्याची क्षमता, रोख प्रवाह, या कसोट्या तुमच्या अंदाजाच्या किती खाली ठेवायच्या यावर घासाघीस होते. तीस-पस्तीस टक्क्यांची मोकळीक मागा. आपल्या उदाहरणात वीस टक्क्यांच्या घसरणीने काय होतं ते पाहिलंच. कसोटी मोडली तर मालकाने भांडवल घालून ती दुरुस्त करण्याचा हक्कही लिहून घ्या.

तिसरी, ताब्यानंतरच्या सवलतीच्या काळाची. जुन्या मालकाच्या वेळचे दोष सुधारायला तीन ते सहा महिने मिळावेत, तेवढ्यात त्यांना करारभंग मानू नये.

व्याजाचा आधारभूत दर डॉलरमध्ये आता सोफर, पौंडात सोनिया, युरोत युरिबॉर. डॉलरचा लायबर जून २०२३ अखेर संपला, तरी जुने नमुने नक्कलताना तो शब्द अजून सापडतो. शोधा आणि काढा. अल्पमुदतीच्या कर्जात दर तीन महिन्यांनी मार्जिन, म्हणजे आधारभूत दरावरचं जादा व्याज, वाढत जातं, तेही आधीच वर्षभराचं जोडून पाहा.

सहावी पायरी: तपासणी

वित्त, कर, कायदा आणि पर्यावरण यांचे अहवाल बँका वाचतात आणि ते आपल्यालाही उद्देशून आहेत असं सल्लागारांकडून लिहून मागतात. हे सल्लागार नेमतानाच ठरवा, नंतर जादा बिल येतं.

युरोपात सगळ्यात जास्त दगा देणारी जागा म्हणजे निवृत्तिवेतन. जॅग्वार लँड रोव्हरच्या व्यवहारात फोर्डने पेन्शन योजनांत सुमारे ६० कोटी डॉलर भरण्याचं कबूल केलं होतं. कोरसच्या खरेदीतही ब्रिटिश पेन्शन निधीच्या विश्वस्तांशी वेगळी बोलणी करावी लागली. जर्मनीत तर अनेकदा वेगळा निधीच नसतो. भविष्यात द्यायची पेन्शन कंपनीच्या ताळेबंदात देणं म्हणून बसलेली असते. बँका तिला कर्जासारखंच धरतात. मग तुमचं दोन पटीचं प्रमाण प्रत्यक्षात तीन पटीचं निघतं, आणि ते कळतं चौथ्या आठवड्यात.

सातवी पायरी: बँका जमवणं

माहितीपत्रकात धंदा, अंदाज, खरेदीचं कारण आणि परतफेडीचा आराखडा असतो. ते अरेंजर लिहितो, पण मजकुराची जबाबदारी तुमची राहते. बँकांच्या क्रेडिट कमिट्या तुमच्या सादरीकरणाला नव्हे, त्यातल्या वाईट वर्षाच्या तक्त्याला बघून मत बनवतात. तो तक्ता तुम्हीच प्रामाणिकपणे द्या. नाही दिला तर ते स्वतः करतात आणि तुमच्यापेक्षा कडक करतात.

कुणाला बोलवायचं याची यादी दोन टोकं सांभाळून करा. तिकडची बँक हवी, कारण कारखान्याचं रोजचं खातं आणि खेळतं भांडवल तीच सांभाळणार. इकडची बँक हवी, कारण मूळ कंपनीला अडचणीच्या दिवसांत ओळखणारं कुणीतरी खोलीत असावं. २००९ मध्ये टाटा मोटर्सच्या रोख्यांमागे हमीला उभी राहिली ती स्टेट बँकच होती. बँकांची संख्या मात्र आवरा. दहा कोटींच्या व्यवहारात चार-पाच बँका पुरे. दहा बँका असल्या की प्रत्येक परवानगीसाठी दहा कमिट्यांची वाट पाहावी लागते.

आठवी पायरी: चलन आणि व्याजाची जोखीम

उत्पन्न ज्या चलनात त्याच चलनात कर्ज. कारखाना युरोत कमावतो तर कर्ज युरोत. डॉलरचा दर अर्ध्या टक्क्याने स्वस्त दिसला म्हणून तिकडे जाऊ नका.

सही आणि ताबा यांच्यात चार-सहा महिने जातात. त्या काळात रुपया घसरला तर साडेचार कोटी युरोंचं भांडवल महाग होतं. साधा फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेला ठरल्या दराने युरो घ्यायचा करार, केला आणि व्यवहार फिसकटला तर तो फॉरवर्ड गळ्यात पडतो. त्यासाठी बँका, व्यवहार झाला तरच लागू होणारा करार देतात. तो महाग असतो. परवानग्या नुसत्या औपचारिक असतील तर ऑप्शन, म्हणजे ठरल्या दराने युरो घेण्याचा हक्क पण सक्ती नाही असा करार, विकत घेतलेला बरा. स्पर्धा आयोगाच्या चौकशीसारखं काही खरंच अडण्यासारखं असेल तर सशर्त करारच घ्या.

नववी पायरी: पैसे सुटण्याचा दिवस

यादीत पन्नास-साठ पूर्वअटी असतात: ठराव, सह्यांचे नमुने, कायदेशीर अभिप्राय, तारणाचे दस्त, जुन्या बँकेचं थकबाकी आणि तारणमुक्तीचं पत्र. सगळ्यात जास्त वेळ खाते ती नव्या खास कंपनीची केवायसी. जिला ना इतिहास ना ताळेबंद, अशा कंपनीच्या मागे खरा मालक कोण हे समूहातली प्रत्येक बँक स्वतंत्रपणे विचारते, आणि प्रवर्तक कुटुंबाच्या ट्रस्टपर्यंत पोचते. पासपोर्टच्या साक्षांकित प्रती, पत्त्याचे पुरावे दोन महिने आधी गोळा करा.

जर्मनीत जीएमबीएचचे शेअर नोटरीसमोरच हस्तांतरित होतात आणि नोटरी दस्त मोठ्याने वाचून दाखवतो. दस्त लांब असला तर सगळा दिवस जातो. त्या दिवशी कोण कुणाला किती, कोणत्या खात्यातून, किती वाजता पाठवणार याचा एक तक्ता सगळ्यांनी आधी सही करून ठेवायचा. मुंबईत दुपार असते तेव्हा फ्रँकफर्टमध्ये सकाळ असते. पण आपल्याकडून भांडवलाचा पैसा आदल्या दिवशीच तिकडच्या खात्यात पोचलेला बरा. सुट्ट्यांची यादी दोन्ही देशांची बघा. गुढीपाडवा त्यांना माहीत नसतो आणि ईस्टर सोमवार आपल्याला.

दहावी पायरी: ताब्यानंतर

एजंट बँकेला दर तिमाहीला किंवा सहामाहीला आकडे आणि कसोट्या पाळल्याचं प्रमाणपत्र द्यायचं. जर्मन लेखापाल त्यांच्या पद्धतीने हिशेब लिहितात आणि करारातली एबिटडाची व्याख्या वेगळी असते. हा फरक जोडणारा तक्ता पहिल्याच महिन्यात बनवा.

कसोटी मोडणार असं दिसताच आधी बोला. कोरसच्या कर्जावर पोलादाच्या मंदीत, २००९ मध्ये, बँकांच्या संमतीने अटी बदलून घ्याव्या लागल्या होत्या. अशा बदलाला सहसा दोन तृतीयांश रकमेच्या बँकांची संमती पुरते. व्याज, मुदत, मुद्दल यांना सगळ्यांची लागते. करारात एक वाक्य आधीच घालून ठेवलेलं असावं: ठरल्या दिवसांत उत्तर न देणाऱ्या बँकेचं मत मोजणीत धरायचं नाही. शिवाय बँका आपला वाटा इतरांना विकू शकतात. अडचणीच्या काळात तो स्वस्तात घेऊन दबाव आणणारे फंड असतात, तेव्हा कुणाला विकता येईल याची यादी आणि तुमच्या संमतीचा हक्क सहीआधीच मिळवा. करारभंग झाल्यावर तो हक्क बहुधा संपतो, एवढं ध्यानात ठेवा.

भारतात दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत परदेशी कंपनीचा वार्षिक कामगिरी अहवाल डीलर बँकेतून द्यायचा असतो. तो चुकला तर पुढचे पैसे पाठवताना बँक अडवते, मग कारखान्याला कितीही निकड असो. आणि कर्ज फिटलं की तारणमुक्तीची कागदपत्रं सहा-आठ महिने कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतात. शेवटच्या हप्त्याच्या पत्रातच एजंटकडून ती किती दिवसांत मिळतील हे लिहून घ्या, तिकडच्या नोंदवहीतला बोजा उतरवा, मूळ कंपनीच्या मालमत्तेवर बोजा असेल तर तो फिटल्याचा सीएचजी-४ फॉर्म भरा, आणि हमी संपल्याचं डीलर बँकेला कळवा. नाहीतर पुढच्या खरेदीच्या वेळी ती जुनी हमी ४०० टक्क्यांच्या हिशेबात अजून धरलेली सापडते.